नाहीचं बटण

ऑफिसात तिचं नाव खुसपट पडलं होतं. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पगार मिळत होता तो खुसपटं काढण्याचाच. नवं ॲप असो, तिकिटाचं यंत्र असो, गीझरचा रिमोट असो की कपडे धुवायच्या मशीनवरची बटणं, जे जे म्हणून माणसानं बोटानं दाबायचं ते बाजारात जाण्याआधी तिच्या टेबलावर यायचं. मग ती चार साधी माणसं बोलवायची, ती वस्तू त्यांच्यापुढं ठेवायची, "मनात येईल ते मोठ्यानं बोलत बोलत करा" एवढंच सांगायची आणि काचेपलीकडच्या खोलीत जाऊन बसायची. समोरचा माणूस अडकला, घामाघूम झाला, रडकुंडीला आला तरी उठायचं नाही, सांगायचं नाही. नुसतं बघायचं. बोट कुठं गेलं, डोळे कुठं गेले, कुठं थांबला, कुठं चुकला.

सोपं नसतं ते. नवीन लागलेल्यांना पहिल्याच दिवशी राहवत नाही, "अहो काका, खाली, खाली" म्हणून ओरडतात आणि सगळी परीक्षा फुकट घालवतात. ती मात्र ढिम्म. परीक्षा संपली की तो दमलेला माणूस ओशाळं हसून म्हणायचा, "माझंच चुकलं, मला नाही कळत यातलं." मग ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसायची आणि सांगायची, "तुमचं काही चुकलेलं नाही. चुकलंय ते हे यंत्र." आणि वरच्या मजल्यावर जाऊन इंजिनियरांना असं धारेवर धरायची की ते जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलाशी बसायला धजावत नसत.

वापरणारा माणूस चुकत नसतो. चांगलं तत्त्व आहे, त्याला कोण नावं ठेवील? पण तत्त्व एकदा डोक्यात शिरलं की माणूस कुठल्या थराला जातो, ते तिनं त्या आठवड्यात दाखवून दिलं.

तिचे बाबा तलावावर पोहायला शिकवायचे. शहरातली निम्मी माणसं त्यांचा आवाज ऐकत तरंगायला शिकलेली. तो आवाजही असा, की या टोकाला शिट्टी विसरून ते नुसते खाकरले तरी त्या टोकाचं पोर दचकून हातपाय मारायला लागायचं. एका सकाळी चपला घालता घालता ते दारातच कोसळले. जीव वाचला, पण उजवा हात आणि उजवा पाय गेल्यासारखाच झाला आणि बोलणं साफ बंद. तोंड उघडायचे तेव्हा एक घोगरा अर्धा आवाज यायचा, तो त्यांनाच ऐकवत नसे. ते लगेच तोंड मिटून घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, ऐकलेलं बहुतेक सगळं कळतंय त्यांना. त्यातला 'बहुतेक' हा शब्द तिनं तेवढा पकडून ठेवला.

हॉस्पिटलातून तिनं त्यांना सरळ आपल्या घरी आणलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचं स्वतःचं लग्नही टिकलं नव्हतं. घरात ती, एक फ्रीज आणि कामासाठी आणलेली सतरा यंत्रं. तिनं आपली झोपायची खोली बाबांना दिली, स्वतः बाहेर सोफ्यावर आली, ऑफिसचं काम घरून करायला लागली. सकाळी एक ब्रदर येऊन त्यांना अंघोळ घालून जायचा. बाकी सगळं ती एकटी ओढायची, आणि खरं सांगायचं तर गेल्या कित्येक वर्षांत ती इतकी सुखी नव्हती. कुणीतरी घरात होतं. संध्याकाळी दिवा लावला की आतून कूस बदलल्याचा आवाज यायचा.

दादा, तिचा मोठा भाऊ, तिसऱ्या मजल्यावर राहायचा, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. बाबांना तिथं न्यायचा प्रश्नच नव्हता. पण तो स्वस्थ बसणाऱ्यातला नव्हे. त्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाला एक केंद्र शोधून काढलं. पक्षाघात झालेली माणसं तिथं राहायची, रोज व्यायाम, रोज बोलायचा सराव, बाहेर बसायला झाडं. एक खोली रिकामी होत होती आणि शनिवारपर्यंत ती कोणाला देणार नव्हते.

"पण आपण ठरवून काय उपयोग," दादा म्हणाला. "बाबांना विचारू."

विचारायचं म्हणजे टॅबवर. हॉस्पिटलातून सांगितलं म्हणून दादानंच तो आणून दिला होता. त्यात चित्रं होती, पाणी, चहा, दुखतंय, झोप, लेक, मुलगा. चित्रावर बोट ठेवलं की एक बाई तो शब्द बोलायची. खाली दोन बटणं, डावीकडं 'नाही', उजवीकडं 'हो'. दादा पलंगाजवळ वाकला, केंद्राबद्दल सगळं सांगितलं आणि मग सावकाश म्हणाला, "बाबा, इथंच राहायचं का, हिच्याकडं?"

बाबांनी टॅबकडं पाहिलं. मग डावा हात उचलला.

"नाही," टॅबमधली बाई म्हणाली. आवाज असा, जणू साबणाची जाहिरात करतेय.

दादानं हळूच बहिणीकडं पाहिलं. ती मात्र बाबांकडं बघतच नव्हती. ती टॅबकडं बघत होती, आणि कपाळाला आठ्या घालून.

"हे धरायचं नाही," ती म्हणाली.

"का?"

"अरे बघ तरी. 'हो' उजवीकडं आहे. त्यांची उजवी बाजू गेलीय. अशा माणसांना पुष्कळदा उजवीकडचं दिसतच नाही. डोळे चांगले असतात, मेंदू ती बाजू धरत नाही. त्यांच्या दृष्टीनं या पानावर एकच बटण आहे, नाहीचं. ते दाबणार दुसरं काय?"

बोलण्यात तथ्य होतं, हे दादालाही नाकारता येईना.

"चहाचं बघ ना," ती म्हणाली. "काल विचारलं, चहा हवा का? 'नाही' दाबलं. मी तरी करून ठेवला, तर कप रिकामा. हे कसं?"

"ठीक आहे," दादा म्हणाला. "तू यातली आहेस. नीट करून दे, मग विचारू. पण शनिवारच्या आत."

त्या दिवसापासून तिनं कंबर कसली. टॅबमधली चित्रं हलवता येत होती, बटणं हवी तशी मांडता येत होती, आणि या कामात तर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिनं दोन्ही बटणं एकाखाली एक घेतली, उजवं-डावं प्रकरणच मिटवून टाकलं. दोन्ही तळहाताएवढी केली, मध्ये चांगलं चार बोटं अंतर ठेवलं, म्हणजे थरथरणारं बोट चुकून शेजारी पडायला नको. दाबल्याबरोबर बटण रंग बदलेल अशी सोय केली, कारण दाबलं की दाबल्याचं कळलं पाहिजे. कोपऱ्यात परत फिरायचा बाण ठेवला, कारण चुकीच्या वाटेनं गेलेल्या माणसाला माघारी यायची वाट मोकळी पाहिजे. एखाद्या कंपनीला असं काम करून दिलं असतं तर तिला बढती मिळाली असती.

मग ती बाबांसमोर बसली. "बाबा, इथंच राहायचं ना?"

बाबांनी वरचं बटण बघितलं, खालचं बघितलं. "नाही," टॅब म्हणाला.

'ना' लावून विचारलं तिथंच चुकलं, तिनं स्वतःला बजावलं. प्रश्न सरळ पाहिजे. शिवाय 'नाही' वर होतं, नजर आधी वरच जाते. तिनं वरचं खाली केलं. बाबांचं बोट वरून खाली आलं आणि खालच्या बटणावर टेकलं. तेव्हा तिला वाटलं, 'नाही'चा लाल रंग डोळ्यात भरतो म्हणून. दोन्ही बटणं एका रंगाची केली. मग वाटलं अक्षरांचा घोटाळा असेल, वाचण्याचा भाग जायबंदी असतो पुष्कळांचा. तिनं अक्षरं काढून हसरा आणि रडका चेहरा टाकला. बाबांनी रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि मान भिंतीकडं वळवली.

त्यांनी नन्नाचा पाडा लावला होता आणि ती खनपटीला बसली होती. दर वेळी तिच्याकडं कारण तयार असायचं. आज झोप झाली नव्हती. खिडकीतून उजेड पडून स्क्रीन चकाकत होती. जेवणानंतर विचारायला नको होतं. तिचा जीव टांगणीला लागला होता, पण दुसऱ्या कुणी तिचं बोलणं ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, बाई आपल्या कामात अगदी मग्न आहे.

एक दिवसाआड बोलणं शिकवणारी थेरपिस्ट यायची. बुटकी, बडबडी, बाबांना 'सर' म्हणणारी. ती लहानपणी त्यांच्याच तलावावर पोहायला शिकली होती. खुसपटबाईंनी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"उजवीकडचं दिसत नाही ना त्यांना?"

"दिसतं की," थेरपिस्ट म्हणाली. "सुरुवातीला थोडं कमी होतं. आता मी उजवीकडून चेंडू टाकते तर झेलतात डाव्या हातानं."

"पण 'हो' आणि 'नाही'त गोंधळ होत असेल."

"होतो काहींचा." थेरपिस्टनं पिशवीतून चेंडू काढला. "सरांचा माझ्याशी तरी होत नाही, ताई. आणि एक सांगू? राग मानू नका. माझ्याबरोबर असताना ते आवाज काढतात. 'पा' म्हणतात, 'मा' म्हणतात. मागच्या खेपेला 'पाणी' जवळजवळ आलं होतं."

"मला कधी ऐकू आलं नाही."

"तुम्ही दार उघडलंत की थांबतात ते."

तिनं ते ऐकून घेतलं. त्या दिवशी ती मुद्दाम बंद दाराबाहेर उभी राहिली. आतून खरंच आवाज येत होता, घोगरा, फाटका, पण हट्टानं पुन्हा पुन्हा येणारा. "पा. पा." मध्येच थेरपिस्ट हसली आणि बाबाही हसले, घशातल्या घशात. तिला भरून आलं. कान लावून ऐकायचं सोडून तिनं दार उघडलं. बाबांनी तिला पाहिलं आणि तोंड मिटलं. पाहुण्यासमोर उघडं राहिलेलं कपाट लावून घ्यावं, तसं.

याचं काय कारण काढलं असेल तिनं? बिजागरी करकरते म्हणून त्यांचं लक्ष उडालं. तिनं बिजागरीला तेल घातलं.

शुक्रवारी दादा आला तेव्हा बाबा पलंगाच्या कडेला बसून शर्ट घालत होते. डावा हात बाहीत गेला होता, उजवा जात नव्हता. ते तो हात उचलून बाहीच्या तोंडाशी न्यायचे, तो घसरून मांडीवर पडायचा. ती समोर खुर्चीत बसली होती. हाताची घडी, मान किंचित कलती, डोळे त्यांच्या बोटांवर. दादानं दोन वेळा पाहिलं, तिसऱ्या वेळी पुढं होऊन बाही धरली आणि हात आत घातला. मग तिला बाहेरच्या खोलीत घेऊन गेला.

"तू मदत का नाही केलीस?"

"त्यांना नेमकं कुठं अडतंय ते बघत होते. आपण मध्ये पडलो तर कळणार कसं?"

"तू किती वेळ बघत होतीस?"

ती सोफ्यावरच्या चादरीची घडी घालायला लागली.

"तुला एक सांगू का," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "तुझ्या त्या काचेमागच्या खोलीत तू मला एकदा नेलं होतंस. समोरच्या म्हाताऱ्या बाईंची दया येत होती मला. आज बाबांकडं बघून तसंच वाटलं. ते काय तुझ्याकडं परीक्षेला आलेत का?"

"मग काय करू? डोळे मिटून घेऊ?" तिचा आवाज फुटला. "माझा जीव तुटतो रे त्यांना बघून. मला दुसरं येतं काय? मला बघताच येतं फक्त."

"त्यांनी सांगितलंय तुला. आठवडाभर सांगतायत."

"ते बटण सांगतंय. बाबा नाही."

दादानं हात टेकले. "उद्या दहाला गाडी घेऊन येतो," तो म्हणाला. "तोवर तुझं समाधान होईल असं विचार. उद्या ते 'हो' म्हणाले तर मी जागा सोडून देईन, पुन्हा विषय काढणार नाही. पण 'नाही' म्हणाले तर मग तूही फाटे फोडू नकोस."

तो गेल्यावर तिनं शेवटचा प्रामाणिक प्रयत्न केला. शब्द नकोत, चेहरे नकोत, सरळ फोटो. एक या खोलीचा, त्यात त्यांचा पलंग, त्यांची काठी, खिडकी. दुसरा केंद्रातल्या खोलीचा. बाबांनी दोन्ही फोटो नीट बघितले आणि केंद्राच्या फोटोवर बोट ठेवलं. त्यात उजेड जास्त आहे, ती म्हणाली, उजळ चित्राकडं बोट जातंच. तिनं तो फोटो काळवंडून टाकला. बाबांनी काळवंडलेल्या फोटोवर बोट ठेवलं. आता मात्र तिच्याकडं कारण उरलं नाही.

आणि शनिवारी सकाळी, ब्रदर बाबांना अंघोळ घालत होता तेवढ्यात, तिनं ते केलं.

तिच्या धंद्यात एक घाणेरडा प्रकार आहे. माणसाला एखादी सेवा बंद करायची असते आणि कंपनीला ती बंद होऊ द्यायची नसते. मग 'चालू ठेवा' हे बटण मोठं, हिरवं, मधोमध. 'बंद करा' हे शब्द बारीक, फिके, कुठंतरी तळाला. चुकूनमाकून सापडलेच, तर पुढचं पान विचारतं, नक्की का? त्यापुढचं गळ्यात पडतं, आम्हाला सोडून जाणार? हजार माणसांतली नऊशे वाटेतच कंटाळतात आणि राहतात. अशा मांडणीवरून तिनं ऑफिसात रान उठवलं होतं, एकदा तर राजीनामा लिहून खिशात ठेवून मीटिंगला गेली होती. ही मांडणी कशी करायची हे तिच्याइतकं चांगलं मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

पहिल्या पानावर तिनं 'इथेच' असं बटण केलं, जवळजवळ पूर्ण स्क्रीनभर, हिरवंगार. 'तिकडे' हा शब्द राखाडी केला, नखाएवढा, आणि उजव्या हाताच्या अगदी खालच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. हो, उजव्याच. ज्या बाजूचं त्यांना दिसत नाही असं ती आठवडाभर सांगत होती, तिथंच. दुसऱ्या पानावर 'नक्की?', खाली भलंमोठं 'मागे फिरा' आणि बारीक 'नक्की'. तिसऱ्या पानावर एक जुना फोटो टाकला. तलावाचा काठ, ओल्या केसांची ती बाबांच्या खांद्यावर, दोघांची तोंडं हसून हसून फाटलेली. वर लिहिलं, 'मला सोडून जाणार?' खाली मोठं 'नाही', कोपऱ्यात बारीक 'हो'.

हे सगळं करताना तिचे हात सरावानं चालले होते. लाज वाटत होती, पण ती भीतीच्या खाली कुठंतरी होती. फ्रीज आणि सतरा यंत्रांच्या घरात पुन्हा एकटीनं संध्याकाळी दिवा लावायचा, या भीतीपुढं तिला दुसरं काही दिसत नव्हतं.

ब्रदर गेला. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, केस ओले, शर्टाची बटणं नीट लावलेली. तिनं टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला.

"बाबा, दादा येईल आता. शेवटचं विचारते. कुठं राहायचं?"

बाबांनी पडद्याकडं पाहिलं. हिरवं बटण एवढं मोठं होतं की हात नुसता खाली सोडला असता तरी त्यावर पडला असता. त्यांनी हात वरच धरला. डोळे हिरव्यावरून फिरले, वरच्या कडेला गेले, डावीकडून खाली आले, तळाच्या रेघेवरून सरकत सरकत उजव्या कोपऱ्यात गेले आणि तिथं थांबले. मग बोट निघालं. शरीरावरून आडवं, थरथरत, कोपर खुर्चीच्या दांड्याला अडकलं ते सोडवून. पहिल्यांदा बोट बाजूला पडलं. त्यांनी उचललं, पुन्हा टेकलं.

"तिकडे," टॅब म्हणाला.

'नक्की?' असं पान आलं. त्यांनी मोठ्या बटणाकडं ढुंकूनही बघितलं नाही, बारीक अक्षरं शोधली आणि दाबली.

मग फोटो आला. बाबा थबकले. त्यांनी टॅब जरा जवळ ओढला, बोट फोटोवर ठेवलं, त्या ओल्या केसांच्या पोरीच्या कपाळावर. बोट तिथंच राहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी साचलं आणि गालावरून उतरलं, उजव्या गालावरचं त्यांना कळलंही नसावं. तिला वाटलं, जिंकले. देवा, जिंकले.

बोट खाली आलं. कोपऱ्यातल्या बारीक 'हो'कडं गेलं, पार जवळ गेलं आणि मनगट थरथरून घसरलं.

"नाही," टॅबमधली बाई आनंदानं म्हणाली. "इथेच. छान निवड केलीत." आणि हिरवं पान पुन्हा झळकलं.

झालं. पाहिजे होतं ते मिळालं. बाबांनी स्वतःच्या बोटानं दाबलं होतं, टॅबनं मोठ्यानं म्हटलं होतं. दादाला एवढंच सांगायचं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण तिनं ते घसरताना पाहिलं होतं. आयुष्यभर दुसरं काही केलंच नव्हतं तिनं. कुठलं बोट मनानं गेलं आणि कुठलं घसरलं हे ती अंधारातही सांगू शकली असती.

बाबांनी तिच्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. ते दमले होते, कपाळावर घाम होता. त्यांनी श्वास घेतला आणि हात पुन्हा उचलला. पहिल्यापासून. हिरव्याच्या कडेकडेनं, खाली, उजव्या कोपऱ्यात. 'तिकडे.' मग 'नक्की'. मग पुन्हा तो फोटो.

"बाबा," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं. "मी एकटी पडेन हो. तुमच्यासाठी नव्हतंच हे काही. मला भीती वाटते."

बाबा ऐकत होते. मान हलवली त्यांनी, एकदाच, सावकाश. हे त्यांना नवीन नव्हतं. तोंड उघडलं, घशातून तो घोगरा आवाज निघाला, तिच्यासमोर, पहिल्यांदाच. शब्द झाला नाही. त्यांनी पुन्हा खटपट केली, ओठ वाकडे झाले, लाळ आली. तिनं नजर खाली केली. खूप जड गेलं ते, पण तिनं बघितलं नाही.

आवाज थांबला तेव्हा त्यांचं बोट 'हो'च्या आसपास हवेत होतं आणि मनगट झाडाच्या पानासारखं हलत होतं. ते पुन्हा घसरणार, हे तिला दिसत होतं. ती खुर्चीतून उठली, त्यांच्याशेजारी गुडघे टेकून बसली आणि तिनं ते मनगट खालून दोन्ही हातांनी धरलं. हात तिच्या हातात स्थिर झाला. मग त्यांनी बोट टेकलं.

दादा आला तेव्हा ती बाबांचे कपडे बॅगेत भरत होती. दारातूनच त्यानं सगळं पाहिलं, आणि आठवडाभर तिचं ऐकून ऐकून त्याच्याही डोक्यात ते भरलं होतं म्हणा, किंवा तिचा चेहरा बघवेना म्हणून म्हणा, त्यानं विचारलं, "नक्की ना? चुकून नाही ना दाबलं गेलं?"

"दोनदा दाबलं," ती शर्टाची घडी घालत म्हणाली. "एकदा घसरलं. दुसऱ्यांदा मी हात धरला."